ताईंचा पांढरा बॉल मागे का येत नव्हता: ड्रॉ शॉटचं एक पूर्ण प्रकरण

ड्रॉ म्हणजे समोरच्या बॉलला धडकल्यावर पांढरा बॉल मागे येईल असा शॉट, आणि हे प्रकरण माझ्यासोबत पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलवरचा खेळ) खेळणाऱ्या एका ताईंचं आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव तेवढं घेत नाही. ताई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, खेळायला लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, त्यांचं खरंच छान आहे, सरळ शॉट तर सहसा चुकतच नाही. अडचण पॉट झाल्यानंतरची होती. बॉल पॉकेटमध्ये गेला की पांढरा, म्हणजे ज्याला आपण क्यूने (लांब काठीने) मारतो तो बॉल, त्याच्या मागे मागे पुढे सरकत जायचा, दर वेळी, आणि मग कुशनला, म्हणजे टेबलच्या कडेला, चिकटून बसायचा नाहीतर दुसऱ्या एखाद्या बॉलच्या आड जायचा आणि पुढचा शॉटच उरायचा नाही. एकदा फ्रेमच्या (डावाच्या) शेवटी काळा आठ नंबर पॉकेटच्या तोंडाशी, पांढरा त्याच्यासमोर सरळ रेषेत अर्ध्या-पाऊण मीटरवर, मध्ये काहीच नाही. ताईंनी आठ घातला आणि पांढरासुद्धा त्याच्या पाठोपाठ आत गेला. हातातली फ्रेम गेली. क्यू ठेवताना त्या म्हणाल्या, "अगं, तो पांढरा मागे आणायला शिकव मला. तीन महिने एकटीच झगडतेय, आता कंटाळा आलाय."

तीन महिन्यांत त्यांनी काय काय केलं होतं ते आधी विचारून घेतलं. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं होतं, खाली मार आणि जोरात मार. म्हणून त्या खाली निशाणा धरायच्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावायच्या. पांढरा फार तर जागेवर थांबायचा, बहुतेक वेळा पुढेच जायचा, आणि जोरामुळे समोरचा बॉल पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर यायचा, म्हणजे पॉटिंग पण बिघडायला लागलं होतं. आणि या सगळ्यातून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, "माझ्या मनगटात तेवढा जोरच नाही गं, हा शॉट माझा नाही." मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. त्यात तथ्य नव्हतं, आणि तरी त्या त्यावर विश्वास ठेवून सोडून द्यायच्या बेतात होत्या.

इथे थोडं बॅकस्पिनबद्दल, म्हणजे उलट्या फिरकीबद्दल, सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पांढऱ्याला मध्याच्या खाली टिप (क्यूचं चामड्याचं टोक) लागली की तो निघतो पुढे पण फिरत असतो उलटा, म्हणजे कापडावरून घसरत जातो. कापड त्याला सतत घासत असतं, त्या घर्षणाने उलटी फिरकी कमी कमी होत जाते, एका ठिकाणी शून्य होते, आणि मग तो सरळ पुढे लोळायला लागतो. समोरच्या बॉलला तो भिडतो तेव्हा या प्रवासात कुठे असतो यावर सगळं ठरतं. सरळ धडकेत पांढरा आपला जवळपास सगळा पुढचा वेग समोरच्याला देऊन टाकतो, कारण दोघांचं वजन सारखं, पण फिरकी मात्र देत नाही, ती त्याच्याकडेच राहते. तेव्हा उलटी फिरकी शिल्लक असेल तर मागे येतो, फिरकी शून्य असेल तर जागेवर थांबतो, लोळायला लागलेला असेल तर पुढे जातो. म्हणजे टिपेने दिलेली फिरकी महत्त्वाची आहेच, पण त्यातली धडकेपर्यंत किती उरली ते त्याहून महत्त्वाचं. हे ताईंना कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या दोन सेशनमध्ये मी चूक केली ती पण लिहिते, कारण तीच चूक शिकवणारे बरेच जण करतात. मी त्यांचा स्ट्रोक बघितला, क्यू पुढे फारसा जात नव्हता, लगेच थांबत होता, म्हणून म्हटलं ताई फॉलो थ्रू वाढवा, क्यू बॉलच्या पार पुढे जाऊ द्या. दोन सेशन आम्ही तेवढंच केलं. काही फरक पडला नाही, उलट क्यू लांब ढकलण्याच्या नादात खांदाच पुढे यायला लागला. नंतर शांतपणे विचार केला तर गोष्ट साधी होती. टिप आणि बॉलचा संपर्क सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरताच असतो, त्यानंतर बॉल निघून गेलेला असतो आणि क्यू पुढे कितीही गेला तरी त्याला काही कळत नाही. चांगला फॉलो थ्रू ही चांगल्या स्ट्रोकची खूण आहे, त्यातून फिरकी तयार होत नाही. मी खूण दुरुस्त करत बसले होते आणि खरा दोष होता तिथेच राहिला होता.

तिसऱ्या सेशनला ठरवलं की आता सल्ला बंद, आधी टिप बॉलला नक्की कुठे लागतेय ते बघायचं. ताईंना पूर्ण खात्री होती की खालीच लागतेय. "मी एवढी खाली धरते, तुला दिसत नाही का?" दिसत होतं, धरत तर होत्या खालीच. पण धरणं वेगळं आणि लागणं वेगळं.

यासाठी एक पद्धत आहे, कुठल्याही टेबलवर करता येते. पांढऱ्याच्या जागी पट्ट्याचा बॉल घ्यायचा, नऊ ते पंधरापैकी कुठलाही, आणि असा ठेवायचा की पट्टा आडवा येईल आणि नंबरचा गोल बरोबर आपल्याकडे. म्हणजे तो नंबर झाला बॉलचा मध्य. टिपेला नीट चॉक (टिप घसरू नये म्हणून लावतात तो खडू) लावायचा, शॉट खेळायचा, आणि बॉल उचलून चॉकचा डाग शोधायचा. बॉल कितीही फिरला, कुठेही लोळला तरी डाग पट्ट्याच्या आणि नंबरच्या हिशोबाने जिथल्या तिथेच राहतो, त्यामुळे वाचायला काही अडचण येत नाही. प्रत्येक शॉटनंतर बॉल पुसायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर जुने डाग नवे डाग एक होऊन जातात. बऱ्याच सेटमध्ये पट्ट्याची कड मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येवर येते, आणि योगायोग असा की मिसक्यूची हद्द पण तीच आहे, त्याच्या पलीकडे टिप घसरते. म्हणजे ड्रॉसाठी डाग पट्ट्याच्या खालच्या कडेच्या थोडा वर, पट्ट्याच्या आत यायला हवा.

ताईंनी दहा शॉट खेळले. दहापैकी आठ डाग नंबरच्या गोलावर किंवा त्याच्या खालच्या कडेला चिकटून होते, म्हणजे जवळजवळ मध्यातच. दोन थोडे खाली. आणि त्या दोनच वेळी बॉल जागेवर थांबला होता, बाकी आठही वेळा पुढे गेला. ताई त्या बॉलकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तीन महिने ड्रॉ खेळलेच नाहीये?" आणि खरं तेच होतं. तीन महिने त्या खाली निशाणा धरून मध्यात मारत होत्या.

आता यातून नुकसान किती होतं ते आकड्यात बघू, कारण मला स्वतःला हे मांडल्यावरच पटलं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास. टिप मध्याच्या खाली त्रिज्येच्या ०.४ पट, म्हणजे ११-१२ मिलिमीटरवर लागली तर उलट्या फिरकीचा वेग बॉलच्या पुढच्या वेगाइतकाच असतो, हे घन गोलाच्या गणितातून थेट येतं. कापड आणि बॉलमधलं घर्षण साधारण ०.२ धरलं आणि बॉल सेकंदाला २ मीटर वेगाने निघाला तर ही फिरकी शून्य व्हायला सुमारे ६५ सेंटीमीटर लागतात. म्हणजे साठ सेंटीमीटरवरच्या बॉलला भिडताना थोडी का होईना उलटी फिरकी हातात आहे. आता हीच टिप मारताना फक्त १ सेंटीमीटर वर आली तर? बॉलला ती मध्याच्या जेमतेम ४ मिलिमीटर खाली लागते. फिरकी जवळपास एक तृतीयांश होते, २८ सेंटीमीटरच्या आसपास संपून जाते, आणि साठ-पासष्ट सेंटीमीटरला बॉल पूर्णपणे पुढे लोळत असतो. म्हणजे त्याच वेगाने, तेवढ्याच अंतरावर, एका सेंटीमीटरमुळे पांढरा मागे ओढायच्या ऐवजी पुढे ढकलला जातो. आठ नंबरच्या मागे पांढरा आत गेला तो असाच गेला. मनगटात जोर नसण्याचा त्यात काहीच संबंध नव्हता.

आणि सेकंदाला २ मीटर म्हणजे किती, तर ताशी ७ किलोमीटर, माणूस भरभर चालतो तेवढा. जोरदार ब्रेकला बॉल ताशी ३० किलोमीटरच्या वर जातो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. शिवाय क्यू अर्ध्या किलोच्या वर असतो आणि बॉल १६०-१७० ग्रॅमचा, तिपटीपेक्षा जास्त वजन आपल्या बाजूने आहे. हे ताईंना समजावलं तेव्हा चेहऱ्यावरून कळलं की मनगटात जोर नाही ही गोष्ट कुठेतरी सैल झाली.

पण टिप वर का येत होती हे अजून कळायचं होतं. बाजूला फोन ठेवून स्लो मोशनमध्ये शूट केलं. सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घेतला तरी दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंद जातात, त्यामुळे टिप लागतानाचा क्षण त्यात नीट सापडत नाही, पण हात कसा चाललाय ते स्वच्छ दिसतं. दिसलं ते असं. मागे नेईपर्यंत सगळं सुरेख. पुढे यायला लागला की मूठ आवळली जात होती आणि कोपर खाली पडत होतं, टिप बॉलला लागायच्या आधीच. क्यू ब्रिजवर, म्हणजे टेबलवर ठेवलेल्या पुढच्या हातावर, टेकलेला असतो, त्यामुळे तो तराजूच्या दांडीसारखा वागतो, मागचं टोक खाली गेलं की पुढचं वर येतं. ताईंच्या ब्रिजपासून बॉल वीसेक सेंटीमीटर, आणि ब्रिजपासून मागचा हात ऐंशी-पंच्याऐंशी. म्हणजे मागचा हात ४ सेंटीमीटर खाली पडला की टिप १ सेंटीमीटर वर. वर जो १ सेंटीमीटर मी धरला तो इथून आलाय.

कोपर खाली पडायची दोन कारणं निघाली. एक म्हणजे तोच जोर. जोर लावायचा म्हटलं की मूठ आवळते, मूठ आवळली की दंड आणि खांदा मध्ये येतो, कोपर जागेवर राहत नाही. म्हणजे ज्या जोराने ड्रॉ येईल असं सगळे सांगत होते तोच जोर टिप वर नेत होता. जितकं जास्त जोरात, तितकी टिप जास्त वर, तितका पांढरा जास्त पुढे, आणि मग ताईंना वाटायचं अजून जोर हवा. या चक्रात कुणीही अडकेल.

दुसरं कारण मला व्हिडिओत दिसलं नसतं, ते ताईंनीच सांगितलं, आणि तेही चौथ्या सेशनला, सहज बोलता बोलता. खेळायला सुरुवात केली तेव्हा एकदा त्यांच्या क्यूची टिप कापडाला घासली होती आणि कुणीतरी सगळ्यांसमोर त्यांना मोठ्याने झापलं होतं, कापड फाटलं म्हणजे! फाटलं वगैरे काही नव्हतं. पण ते डोक्यात राहिलं. तेव्हापासून टिप कापडाजवळ गेली की मागचा हात आपोआप खाली पडून टिप वर उचलली जाते, त्यांना स्वतःलाही कळत नाही. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. नवीन शिकणाऱ्याला असं ओरडून आपण त्याचा एक पूर्ण शॉट हिरावून घेतो, आणि त्याला पुढे वर्षभर वाटत राहतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

भीती अगदी निराधार होती असंही म्हणणार नाही, कारण ड्रॉसाठी टिप खरंच भीती वाटेल इतकी खाली न्यावी लागते. टिपेला घुमट असतो, सपाट नसते ती, आणि खाली मारताना बॉलला घुमटाचा वरचा भाग लागतो, मधला नाही. त्यामुळे बॉलवर संपर्क ११-१२ मिलिमीटर खाली हवा असेल तर क्यूचा मध्य १५-१६ मिलिमीटर खाली न्यावा लागतो, आणि १३ मिलिमीटरच्या टिपेची खालची कड कापडापासून जेमतेम ६ मिलिमीटरवर येते. सहा मिलिमीटर! पहिल्यांदा बघणाऱ्याला ते चुकीचंच वाटणार. पण क्यू आडवा असेल आणि सरळ पुढे जात असेल तर टिप कापडावर घासली तरी चॉकची रेघ उमटते फक्त. कापडाला इजा होते ती मागचं टोक उंच करून वरून खाली खुपसलं तर. आणि गंमत म्हणजे खाली मारायचं म्हटल्यावर बहुतेक जण नेमकं तेच करतात, ब्रिज तसाच ठेवतात आणि मागचा हात उचलतात. खाली जायचं असेल तर ब्रिजचा हात चपटा करायचा, बोटं पसरायची, तळवा खाली बसवायचा, क्यू जमेल तेवढा आडवाच ठेवायचा. ताई बंद ब्रिज वापरायच्या, तर्जनीचा वेढा घालून, त्यांची बोटं लहान असल्यामुळे तो खाली बसतच नव्हता. उघडा ब्रिज केला, अंगठ्याच्या खाचेतला, तसा क्यू लगेच सेंटीमीटरभर खाली आला.

भीती घालवायला काय केलं तर बॉलच काढून टाकला. नुसत्या कापडावर, बॉल नसताना, टिप कापडापासून तेवढ्याच उंचीवर ठेवून सावकाश स्ट्रोक. मग मुद्दाम शेवटी टिप कापडाला हलकेच टेकू द्यायची. पन्नास वेळा टेकली, कापडाला काहीही झालं नाही. मी शेजारी उभी होते, काही बोलले नाही. साधारण विसाव्या वेळेनंतर त्यांचा खांदा उतरलेला दिसला, आणि माझ्या मते खरा ड्रॉ शॉट त्या दिवशी सुरू झाला, बॉलला हात न लावता.

पाचव्या सेशनपासून परत पट्ट्याचा बॉल. समोरचा बॉल फक्त तीस सेंटीमीटरवर, नऊ फुटी टेबलवर कुशनवरच्या दोन खुणांमध्ये जेवढं अंतर असतं साधारण तेवढंच, आणि सांगितलं की ताई, मागे आणायचा नाहीये, फक्त थांबवायचा. हे ऐकून त्या जरा हिरमुसल्या. पण स्टॉप शॉट जमल्याशिवाय ड्रॉच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे, कारण स्टॉप शॉट अगदी स्पष्ट उत्तर देतो. पुढे गेला तर फिरकी आधीच संपली, मागे आला तर शिल्लक आहे, थांबला तर बरोबर संपली. ड्रॉमध्ये किती मागे आला यात जोर, अंतर, कापड सगळं मिसळलेलं असतं, त्यातून काय चुकलं ते कळत नाही. मूठ इतकी सैल की क्यू नुसता बोटांवर लटकतोय, कोपर जागेवर, आणि वेग आरामात. त्या दिवशी दहापैकी सहा थांबले. डाग बघितले तर पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात, कडेच्या अलीकडे. मग अंतर वाढवलं, पंचेचाळीस, साठ. साठला परत पुढे जायला लागले, तेव्हा डाग बघितले तर डाग बरोबर होते. म्हणजे आता पहिल्यांदाच वेग वाढवायची वेळ आली होती.

वेगाची गंमत अशी आहे की फिरकी किती अंतर टिकते ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वेग दीडपट केला की अंतर सव्वादोन पट. टिप तिथेच ठेवून सेकंदाला २ ऐवजी ३ मीटर केला की जी फिरकी ६५ सेंटीमीटरला संपत होती ती आता दीड मीटरपर्यंत पुरते. म्हणजे ६५ सेंटीमीटरवरच्या बॉलला भिडताना निम्म्याहून जास्त फिरकी शिल्लक, आणि पांढरा चांगला मीटरभर मागे येतो. म्हणून जोरात मार म्हणणारे अगदी खोटं बोलत नव्हते, फक्त त्यांचा क्रम उलटा होता. टिप बरोबर लागत असेल तर थोडा वेग खूप काही देतो. टिप मध्यात लागत असेल तर तोच वेग फक्त पॉकेटचा जबडा वाजवतो. आणि वेग वाढवायचा तो मागे जास्त नेऊन आणि सावकाश सुरू करून, क्यू स्वतःच्या वजनाने वेग घेतो, मूठ आवळायची गरज पडत नाही.

सहाव्या सेशनला मिसक्यू सुरू झाले. ताई घाबरल्या, म्हणाल्या परत बिघडलं. मला तर बरं वाटलं, कारण मध्यात मारणाऱ्याचे मिसक्यू होत नाहीत, त्या हद्दीपर्यंत पोचल्या होत्या म्हणूनच टिप घसरत होती. तरी टिप तपासली. वर्षभर कुणी हात न लावलेली, घासून घासून चकचकीत आणि सपाट झालेली, चॉक तिच्यावर बसतच नव्हता. घुमट परत गोल केला, पृष्ठभाग थोडा खरखरीत केला, आणि चॉक फिरकवून भोक पाडायच्या ऐवजी कडेपासून हलक्या हाताने पुसल्यासारखा लावायला सांगितला, कारण ड्रॉमध्ये घुमटाचा वरचा भाग लागतो आणि चॉक लावायचा नेमका तिथेच राहून जातो. चामडं आणि चॉक नसतं तर हा शॉटच नसता. चामड्याच्या टिपेचं श्रेय फ्रेंच सैन्यातले कॅप्टन फ्रांस्वा मिंगो यांना देतात, १९व्या शतकाच्या सुरुवातीचे, त्याआधी नुसतं लाकडाचं टोक असायचं आणि मध्याच्या बाहेर मारलं की घसरायचंच. तेव्हा ताईंना म्हटलं, शंभर टक्के खाली जायची गरज नाही, हद्दीच्या थोडं अलीकडे थांबा, फिरकी थोडी कमी मिळेल पण शॉट हातात राहील. त्या दिवसानंतर मिसक्यू तुरळक झाले.

आणि त्याच सेशनला, शेवटच्या अर्ध्या तासात, तो आला. समोरचा बॉल पन्नास सेंटीमीटरवर, सरळ, ताईंनी खेळला, बॉल आत, पांढरा क्षणभर जागेवरच थांबला, जणू विचार करतोय, आणि मग कापड पकडून सरळ त्यांच्याकडे परत आला, दोन वीत. तो क्षणभर थांबणं ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. वेग गेलेला असतो, फिरकी असते, आणि कापडाला ती पकडायला थोडा वेळ लागतो. ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या दहात चार आले, त्याच्या पुढच्यात सहा.

नंतरचं थोडक्यात. एक दिवस त्या दुसऱ्या टेबलवर खेळल्या, नाणं टाकून चालणारं टेबल, आणि तिथे काहीच जमेना म्हणून नाराज होऊन आल्या. मी विचारलं पांढरा कसा होता, तर म्हणाल्या इतर बॉलपेक्षा जरा मोठाच वाटला. झालं. अशा काही टेबलांवर पांढरा परत बाहेर काढता यावा म्हणून तो आकाराने मोठा किंवा वजनाने जड ठेवतात, आणि जड बॉल धडकेनंतर थांबत नाही, थोडा पुढे जात राहतो, मग फिरकीला आधी ते भरून काढावं लागतं. तिथे ड्रॉ अवघडच असतो, कुणालाही. तसंच कापड नवं आणि गुळगुळीत असेल तर फिरकी जास्त टिकते, दमट किंवा मळलेलं असेल तर लवकर मरते. हे माहीत नसेल तर माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, आणि ताईंनी तो आधीच पुरेसा दिला होता.

आता काय परिस्थिती आहे तर साठ-सत्तर सेंटीमीटरपर्यंतचा सरळ ड्रॉ त्यांच्याकडे आहे, फ्रेममध्ये वापरतात, भरवशाने. मीटरच्या पुढे अजून नाही, तिथे वेग वाढवताना मूठ अजून थोडी आवळते, डाग परत नंबरकडे सरकलेले दिसतात. पांढरा कुशनजवळ असला की क्यू उचलावाच लागतो, तो शॉट आम्ही अजून हातात घेतलेला नाही. कापलेल्या, म्हणजे सरळ न लागता कडेला लागलेल्या, बॉलवरचा ड्रॉ नुकताच सुरू केलाय, त्यात पांढरा आधी बाजूला निघतो आणि मग वळून मागे येतो, ते वळण किती आणि कधी येईल याचा अंदाज त्यांना अजून येत नाही, तो खेळून खेळूनच येणार.

मागच्या आठवड्यात फ्रेम चालू असताना त्यांचा एक ड्रॉ फसला, पांढरा पुढे गेला. माझी पाळी आली, मी टेबलकडे वळले, तर ताई वाकून पांढऱ्याकडे बारकाईने बघत होत्या. "थांब गं जरा, हात लावत नाही त्याला," म्हणाल्या, "फक्त डाग कुठे आहे ते बघू दे."